मुखरूच्या डोंग्याची मोटार

चामोर्शीला मोटारी दुरुस्त करणाऱ्या उमाजीला दोन वर्षांपासून एक आवाज ऐकू यायचा. डोंग्याची, म्हणजे नावेची, मोटार पाण्याच्या ड्रमात उभी करून त्यानं ती चालू करायला दोरी ओढली, की पाठीमागून कोणीतरी विचारायचं, "धार आली का गा?" वळून पाहावं तर दुकान रिकामं असायचं.

असं विचारणारा माणूस एकच होता, मार्कंड्याच्या घाटावर डोंगा चालवणारा मुखरू. मोटार तापू नये म्हणून ती नदीचं पाणी आत खेचते आणि मागच्या छिद्रातून बारीक धारेनं बाहेर टाकते. ती धार दिसल्याशिवाय मुखरू काठ सोडत नसे. दोन वर्षांपूर्वी भादव्यात वैनगंगेला पूर आला, पल्याडच्या शेतात माणसं अडकली, म्हणून तो एकटाच निघाला. मधल्या धारेत मोटार बंद पडली, डोंगा उलटला. तिसऱ्या दिवशी मुखरूचं प्रेत सापडलं. डोंगा आणि मोटार पाणी उतरल्यावर गाळात मिळाली.

यंदा शिवरात्रीच्या जत्रेआधी मुखरूची बायको रंभा तीच मोटार ऑटोत घालून उमाजीकडे आली.

"आता मी चालवीन," ती म्हणाली. "नीट करून दे, उमाजीभाऊ."

"बाई, किती दिवस पडून होती थे. दुसरी पाहा."

"नाई. हेच पायजे मले."

उमाजीनं प्लग काढून आत तेल सोडलं. दोन दिवसांनी जाम झालेली मोटार सुटली. बाकी साफसफाई करून तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं ती ड्रमात उभी केली. रंभा समोरच्या बाकावर बसली होती. मोटार खोकत, धूर सोडत सुरू झाली. धार नव्हती.

"धार आली का गा?" मागून आवाज आला. उमाजीनं वळून पाहिलं नाही.

मोटार बंद करून त्यानं छिद्रात तार घातली. कुंभारीण माशीनं आत घर केलं होतं, वाळकी माती भुरभुर पडली. एवढंच असू दे रे देवा, असं तो मनात म्हणाला. पुन्हा सुरू केली. धार नाही. खालच्या जाळीतला गाळ खरवडला. तरी नाही. आता एकच जागा उरली होती, आणि तिथंच त्याचा हात जात नव्हता.

"काऊन थांबला?" रंभानं विचारलं.

त्यानं बोल्ट सोडवले, मोटारीचा खालचा पाय उतरवला आणि पंपाचं झाकण उचललं. पाणी वर ढकलणारा रबरी पंखा आत होता. सहा पात्यांपैकी तीन उरली होती. तुटलेली वर नळीत जाऊन अडकली होती. आकड्यानं ओढून त्यानं एकेक तुकडा बाहेर काढला.

"रंभाबाई," तो म्हणाला, "हा पंखा मी बसवला होता. पुराच्या चार दिवस आधी. जुना होता, रबर तडकलं होतं. नवा नागपूरहून यायचा होता. मुखरूनं विचारलं, चालन का? मी म्हटलं, चालन."

रंभानं एक तुकडा उचलून उलटसुलट करून पाहिला.

"त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं," ती म्हणाली. "जा, तोंड दाखवू नोको, म्हटलं मी त्याले. दोन वर्स मले वाटून राह्यलं, माह्याच तोंडानं गेला थो. अन् तू इथी बसून होता. सगळं ठाऊक असून."

ती उठली.

"नवा पंखा बसव. पयल्या फेरीले तू बसशील संगं."

आठवड्यानं घाटावर मोटार पहिल्या झटक्यात सुरू झाली. धार चांगली जोमात पडत होती. रंभानं सुकाणू धरलं, उमाजी तिच्या बाजूला धारेखाली तळहात धरून बसला. ऊन होतं, पाणी संथ होतं, मागे मार्कंड्याच्या देवळाची शिखरं लहान होत गेली.

मधल्या धारेत आल्यावर हाताला पाणी कोमट लागलं. मग चटका बसला. धार थेंबांवर आली आणि थांबली.

"बंद कर!" तो ओरडला.

मोटार बंद झाली. डोंगा आपोआप वळून उभा राहिला. आजूबाजूला एकही डोंगा नव्हता, आणि तरी अगदी जवळून आवाज आला, "धार आली का गा?"

रंभाचा चेहरा पांढराफटक पडला. "कोण बोललं?"

तिलाही ऐकू आलं होतं. उमाजीनं छिद्रात तार सरकवली आणि दोरी ओढायची खूण केली. रंभानं दोरी ओढली. मोटार दोनदा गुरगुरली आणि छिद्रातून जुन्या पंख्याच्या काळ्या रबराचा नखाएवढा तुकडा त्याच्या तळहातावर येऊन पडला. मागोमाग थंड धार आली.

"आली!" रंभा पाण्याकडे पाहून मोठ्यानं म्हणाली. "आली जी, आली!" आणि सुकाणू न सोडता ती रडायला लागली.

पल्याड पोचल्यावर डोळे पुसून ती उमाजीला म्हणाली, "माह्यासंग बोलू नोको. पण दर मयन्याले येऊन खोलून पाहाचं."

तो दर महिन्याला जातो. मोटार खोलतो, पंखा पाहतो, परत जोडतो. तोवर रंभा त्याच्याकडे पाठ करून काठावर बसलेली असते. काम झालं की तो बाजूला होतो, माणसं डोंग्यात चढतात आणि ती निघते. त्यात बसू का, असं त्यानं अजून विचारलेलं नाही, आणि तिनंही त्याला ये म्हटलेलं नाही.