घरगाडीचे बल्ब

नवरा यष्टीत डायवर असला की बाईला फ्यूज बांधता येतोच. न येऊन सांगती कुणाला? आमचे हे कायम मुक्कामी गाडीवर. आज परळी, उद्या उदगीर. इकडं लाईट गेली की स्टुलावर मी. म्हणून म्हणते, बल्ब कसा लावायचा हे मला कुणी शिकवायचं न्हाई. ह्यांनी तर मुळीच न्हाई!

ह्यांचं नाव मी घेत न्हाई, पण केजच्या स्टँडवर कुणाला बी धुळाजी डायवर इचारा, घरापर्यंत आणून सोडतील. रिटायर झाले अन् पुण्याच्या एका टुरिस्टवाल्याकडून जुनी घरगाडी घेऊन दारात हजर. आत पलंग, गॅस, कपाट, भांडी घासायला इवलंसं बेसिन अन् छताला ओळीनं पिवळे बल्ब. मी म्हणलं, "आवो, डोकं फिरलं का तुमचं? जलमभर गाडीत काढला, आता संसार बी गाडीतच करायचा?" गल्लीतल्या बाया हसून हसून बेजार. मी लई दिवस तिच्यात पाय ठेवला न्हाई.

पण खरं ते सांगावं. रिटायर झाल्यापासून ह्यांना घरात झोपच लागत न्हवती. रातभर ओट्यावर येरझाऱ्या. जलमभर गाडीच्या टपावर न्हाईतर सीटवर झोपलेला माणूस, त्याला घरातली गादी टोचायची. अन् मला अंधारात डोळा लागत न्हाई. लेकरं लहान होती तवा एकटीनं घरात झोपायचं म्हणून मी दिवा चालू ठेवायचे. लेकरं मोठी होऊन पुण्याला गेली, सवय काही गेली न्हाई.

असं करत एकदा ह्यांनी मला बळंच धारूरला नेलं. किल्ल्याखाली मुक्काम केला. पाठ टेकली की हे घोरायला लागले! मी दिवे तसेच जळू दिले अन् त्यांच्याकडं बघत बघत मला बी झोप लागली. लग्नाला एवढी वर्सं झाली, पण दोघं बी एका वक्ताला निवांत झोपलोत असं पहिल्यांदाच झालं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! गाडी आवडली मला, झालं.

सकाळी गाडी चालूच होईना. त्या पिवळ्या बल्बांनी रातभर सगळी बॅटरी पिऊन टाकलेली. हे चावी फिरवून फिरवून घामाघूम. तेवढ्यात मागून यष्टी आली अन् डायवर कोण, तर ह्यांच्याच हाताखाली शिकलेला भारत! त्यानं काय करावं? पाशिंजर उतरवले खाली अन् म्हणला, "चला, आपल्या धुळाजी मामांच्या गाडीला धक्का द्या." जलमभर ह्यांनी यष्टीला लोकांकडून धक्का मारून घेतला, अन् आज यष्टीतल्या लोकांनी ह्यांना मारला. एक म्हातारी तर ढकलता ढकलता मला म्हणली, "तू बस गं आत, वजन काय लई न्हाई तुझं." मला हसू आवरंना. हे मात्र घरापर्यंत मान खाली घालून स्टेअरिंगला चिकटलेले.

घरी आल्यावर म्हणले, "गाडी इकायची."

"कावून?"

"तुला रातभर दिवा लागतो अन् दिव्यानं बॅटरी उतरते. रोज कुणाच्या पाया पडू धक्क्यासाठी? इज्जत गेली माझी."

"अन् मी अंधारात झोपले तर?"

"झोपशील?"

मी न्हाई म्हणून मान हलवली. खोटं कशाला बोलू?

कडा गावच्या विजयसिंहांना फोन गेला. मोठे बागाईतदार, त्यांना बायकापोरं घेऊन फिरायला अशीच गाडी पाह्यजे होती. दुसऱ्याच दिवशी सांजच्याला बघायला येतो म्हणले. घरात परत ह्यांच्या येरझाऱ्या अन् माझा दिवा, दोन खोल्यांत दोघं! न्हाई म्हणजे न्हाई. गाडी जाऊ द्यायची न्हाई.

सकाळी पिशवी घेतली अन् निघाले यासीनच्या दुकानात. गाड्यांचं वायरिंग करतो, लई हुशार पोरगा, त्याचा बाप बी तसाच होता. त्याला सगळी हकीकत सांगितली.

"मावशी, एलईडी लावा," तो म्हणला. "सगळे बल्ब रातभर जळाले तरी गाडी सकाळी एका चावीत चालू होईल."

"पांढरे नको. हे म्हणतेत एलईडी म्हणजे दवाखाना. पिवळसर दे."

त्यानं पिवळसर काढून दिले. लांबट, दोन टोकांना टोप्या, औषधाच्या कॅप्सूलीवानी. पिशवीत टाकता टाकता म्हणला, "मावशी, लावताना जरा ध्यानात ठेवा, हे बल्ब..."

"ए यासीन! तू पाळण्यात होतास तवापासून मी फ्यूज बांधती. मला शिकवतो का बे?"

"न्हाई न्हाई मावशी," म्हणला बिचारा अन् हात जोडले.

घरी आले तर हे अंगणात बाजेवर, गाडीकडं पाठ करून बसलेले. "एलईडी आणलेत," म्हणलं तरी वळले न्हाईत. मी गाडीत शिरले, स्वीच बंद केला अन् लागले कामाला. जुने बल्ब काढले, क्लिपा घासून पुसून लख्ख केल्या, नवे बसवले. काम म्हणजे काम, सगळ्या बल्बांवरची छापील अक्षरं एका बाजूला केली, दाराकडं. मग कंबरेला पदर खोचून थाटात स्वीच दाबला.

एक बी बल्ब लागला न्हाई.

परत दाबला. न्हाई. बल्ब काढले, क्लिपा आवळल्या, होते तसेच परत बसवले. फ्यूज बघितला, चांगला होता. बॅटरी तर ह्यांनी कालच चार्ज करून आणलेली. दिवस कलायला लागला. घाम तोंडावरून वघळायला लागला अन् डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. "मेल्यांनो, लागा की!" मी बल्बांनाच शिव्या द्यायला लागले. "आज न्हाई लागलात तर कधी लागणार?"

तोवर रस्त्याला विजयसिंहांच्या जीपचा हॉर्न ऐकू आला.

अन् भायेरून ह्यांचा आवाज आला. पाठ अजून गाडीकडंच. "फिरवून लाव."

"काय?"

"बल्ब. उलटे बसवलेत तू. घरचा करंट न्हाई हा, वच्छे. बॅटरीला प्लस-मायनस असतंय. जुन्या बल्बाला कसं बी चालतंय, एलईडीला चालत न्हाई."

मी एक बल्ब काढला, टोकं उलटी केली, बसवला. लगेच लागला. सायीसारखा पिवळसर उजेड पलंगावर पडला. दवाखाना न्हाई अन् काही न्हाई. मी भराभर एकेक फिरवत गेले अन् दारातून मुंडकं काढलं. "आवो, गाडी इकायची हाय ना तुमाला? मग सांगितलं कावून?"

"पाव्हण्याला काय अंधारात दाखवायची का गाडी?" म्हणले. पण माझ्याकडं बघंनात.

विजयसिंह उतरले. तरणा माणूस, बोलायला गोड. गाडीभवती फिरले, टायर दाबून पाह्यले, खिडकीतून आत डोकावले. "काका, उजेड तर लई झकास केलाय. आमच्या मंडळीला बघता क्षणी पसंत पडंल. आपला सौदा पक्का समजा."

मी बेसिनपाशी उभी. केलं कुणासाठी अन् झालं काय! माझ्याच हातानं गाडी सजवून दिली की मी पाव्हण्याला!

विजयसिंहांनी दाराच्या पायरीवर पाय ठेवला. रानातून आलेला माणूस, चपलेला चिखल.

"पाव्हणं," हे मागून म्हणले, "चपला भायेर काढा."

विजयसिंह हसले. "गाडीत चढायला चपला काढायच्या, काका?"

"घर हाय ते," हे म्हणले. "हिचं अन् माझं. बसा, च्या घ्या. पण सौद्याचं काही बोलू नका."

त्या पोरानं ह्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. पदर तोंडाला लावून मी रडत होते, लपवायचं तरी कसं एवढ्या उजेडात? त्यानं गुपचूप चपला काढल्या अन् आत येऊन पलंगाच्या कडंला बसला. हे पायरीपाशी आले. जलमभर ज्या माणसानं बूट घालून गाडीत चढउतार केली, त्यानं वाकून आपल्या चपला काढल्या, पाव्हण्याच्या चपलेशेजारी नीट जोडून ठेवल्या, अन् आत आला.

मी डोळे पुसले अन् गॅसवर तिघांचा च्या टाकला.