दोन पायांची गाजरं

कुणाला तरी शेंडी लावल्याशिवाय रंगाऱ्याला जेवण पचत नाही, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ओला बाक वाळलाय म्हणून सांगून त्यानं सख्ख्या मेव्हण्याला त्यावर बसवला होता. बिचारा पाठीवर हिरवे पट्टे घेऊन दिवसभर मिरवत हिंडला. पन्नाशी आली, केस पिकले, पण खोड काही जाईना. एकच माणूस त्याला कधी बधला नव्हता, ते म्हणजे त्याचे बाबा. प्रयत्न कमी केले नव्हते हो! पण बाबा रंध्यावरनं मान वर न करता म्हणायचे, "झालं का तुझं? आता ती फळी धर इकडनं."

बाबा सुतार. हात असा, की सांध्यात नख जायचं नाही. त्यांच्या थोरल्या भावाला, म्हणजे रंगाऱ्याच्या काकांना, म्हातारपणी विसरायचा आजार झाला. तेव्हा घरातली माणसं काकांच्या तोंडावर "हो काका, हो काका" करायची आणि पाठ वळली की तोंड दाबून हसायची. काका गेल्यावर बाबांनी रंगाऱ्याला बाजूला घेतलं.

"माझं डोकं असं व्हायला लागलं तर तोंडावर सांगायचं. जगाला टोप्या घालतोस, घाल. यात मला घालायची नाही."

"शब्द, बाबा," रंगारी म्हणाला. तेव्हा द्यायला सोपा होता.

मग बाबांनी एका गिऱ्हाइकाच्या कपाटाला बिजागऱ्या उलट्या बसवल्या. दार उघडेना, आणि का उघडत नाही ते बाबांना कळेना. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, बाबांना बाहेर बसवलं आणि रंगाऱ्याला जे सांगायचं ते सांगितलं. तो बाहेर आला तेव्हा बाबा बाकाचा डुगडुगणारा पाय चाचपत होते.

"काय म्हणाले?"

"चष्मा बदला म्हणाले."

आणि पहिल्यांदाच बाबा फसले. रंगाऱ्याला आयुष्यात एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं.

गिऱ्हाइकांची कामं त्यानं हळूच बंद केली. हात रिकामा राहू नये म्हणून परसात भाजीचे वाफे करायला सांगितले, पायांवर उभे, कमरेइतके उंच, म्हणजे वाकायला नको. बाबांनी ते जीव ओतून केले. तळाला पाणी निघायला भोकं, आत ढोपरभर माती आणि खत. टोमॅटो, कांदे झाले. मधल्या वाफ्यात त्यांनी गाजराचं बी पेरलं.

गाजराचं रोप कोवळं असताना अगदी गवतासारखं दिसतं. बी पेरलेलं बाबा विसरले. एका सकाळी त्यांनी सगळा वाफा निंदून काढला, हात झटकले आणि सुनेला म्हणाले, "गवत माजलं होतं. आता गाजर पेरतो."

त्यांनी पुन्हा पेरलं. रोपं आली. पुन्हा उपटली.

"पाटी लावा ना," बायको रंगाऱ्याला म्हणाली. "अक्षर काढायचाच तर धंदा तुमचा. गाजर म्हणून लिहा मोठ्ठं."

"आणि त्यांनी विचारलं, आजवर नाही लागली ती आत्ता कशाला, तर?"

"मग सांगून टाका खरं. शब्द दिलायत ना?"

रंगारी उठला. गच्चीवर गेला आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांत गाजराचं बी टाकलं. त्यानंतर फळीलगतची कडेची चार रोपं तेवढी सुटायची, बाकी वाफा बाबांनी उपटला, की दुपारी ते झोपल्यावर हा डब्यातली रोपं आणून ओळीनं लावायचा. उठून बाबा बघायचे आणि खूश व्हायचे. "छान उगवलीत की!" सूनबाई स्वयंपाकघरात तोंड फिरवायची. रंगारी मात्र मनात म्हणायचा, जमलं. सगळ्यात अवघड गिऱ्हाईक, आणि रोज टोपी घालतोय.

मध्ये बाबांचे बरे दिवस आले. निंदणं थांबलं, पाला डेरेदार झाला. काढणीच्या दिवशी बाबांनी मेव्हण्यालाही बोलावलं. पहिलं गाजर उपटलं, तर त्याला दोन पाय.

"अरे, हे तर तुझ्यावर गेलंय!" मेव्हणा रंगाऱ्याला म्हणाला. त्याचा जुना हिशेब होता.

"चड्डी शिवायला टाका," रंगारी म्हणाला, आणि सगळे हसले.

दुसऱ्याला तीन पाय. तिसरं एकमेकांत पीळ घातल्यासारखं. बाबा हसत नव्हते. त्यांनी वाफ्याच्या कडेचं एक उपटलं. ते सरळ निघालं, खिळ्यासारखं. त्याच्या शेजारचंही सरळ. मग पुन्हा मधलं, तर फाटलेलं. त्यांनी मातीत कोपरापर्यंत हात घातला, चाळवून पाहिलं, मूठभर माती बोटांतून सोडली.

"दगड नाही," ते म्हणाले. "माती एकच आहे. कडेची पेरलेली आहेत. ही मधली कुणीतरी हलवून लावलीत. गाजर हलवलं की मूळ दुखावतं, मग असं फाटतं."

रंगाऱ्याच्या जिभेवर थाप तयार होती. थापांना त्याच्याकडे कधी तोटा नव्हता. "मांजर येतं हो बाबा. उकरून ठेवतं. मीच जरा नीट लावली."

"कडेचं सोडून उकरतं?"

"शिस्तीचं मांजर आहे."

मेव्हणा हसायला लागला, पण सुनेचा चेहरा बघून त्यानं तोंड मिटलं.

बाबांनी दोन पायांचं गाजर वाफ्याच्या कडेवर ठेवलं. फळी आणि गाजर समांतर येईपर्यंत ते सरकवत राहिले. मग मान न वळवता विचारलं, "मी उपटली का?"

आता मांजर काढता येईना. रंगाऱ्यानं मेव्हण्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं.

"हो, बाबा."

"एकदाच?"

"नाही."

"आणि तू लावत बसलास."

"हो."

"चष्मा," बाबा म्हणाले, आणि डोळ्यांवरचा नवा चष्मा काढून हातात धरला. "माझ्या दादाला सगळे करायचे तेच केलंस."

"हसलो नाही हो कधी. बाबा, शप्पथ. पाठीमागेसुद्धा नाही."

ते मात्र खरं होतं. मेव्हणा हळूच निघून गेला. मग बाबा म्हणाले, "मी परत उपटीन."

"उपटा."

"गुपचूप लावायची नाहीत. माझा हात धरायचा आणि सांगायचं."

"सांगेन."

"ऐकणार नाही मी कदाचित. तरी सांगायचं."

रिकाम्या वाफ्यात त्यांनी पुन्हा बी पेरलं. बारीक हिरवं वर आल्यावर एका सकाळी रंगारी डबे घेऊन कामावर निघाला होता, तेव्हा परसात बाबा वाफ्याशी उभे दिसले. चिमटीत दोन रोपं होती.

डबे खाली ठेवून तो गेला. बाबांचं मनगट धरलं.

"बाबा, हे गवत नाही. गाजर आहे. तुम्हीच पेरलंत."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि खळखळून हसले. "चल! मला बनवतोस? मी कधी पेरलं? बाकी गल्ली पुरत नाही का तुला?"

इतक्या वर्षांत एवढं मनमोकळं हसू त्याला बाबांकडून मिळालं नव्हतं. नुसतं "फसलात का?" म्हटलं असतं तरी सकाळ मजेत गेली असती.

"बनवत नाही, बाबा. तुम्ही विसरता आता. डॉक्टरांनी सांगितलंय. तुम्हाला आजार झालाय, काकांना होता तोच."

बाबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. ते त्याचा चेहरा न्याहाळू लागले. ओठांचे कोपरे, डोळे, कुठे हसणं दडलंय का ते शोधत होते. रंगाऱ्यानं चेहरा हलू दिला नाही. हातही सोडला नाही.

बाबांनी मान खाली घातली. चिमटीतली दोन रोपं वाफ्याच्या फळीवर ठेवली, आणि उरलेल्यांकडे बघत हळू आवाजात विचारलं, "गाजर म्हणालास?"

"गाजर."

"मग पाणी आण. सुकलंय."