फेट्याचं पायपुसणं

रुद्राणीनं कापडाची कड दातांनी तोडली, दोन्ही चिमटीत धरून ओढली, आणि टर्रकन आवाज करत ते कापड परसदाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ फाटत गेलं. दुसरं टोक सासूच्या, झुंबरबाईच्या हातात होतं. तिनं ते धरलं होतं खरं, पण चेहरा असा केला होता, जसं कुणी तिच्याच पदराला हात घातलाय.

"अगं, फेटं फाडतीस व्हय?"

"मग काय करायचं, आत्ती? एवढं गठुळं पडलंय कपाटात. परत कोण बांधतंय?"

तेही खरंच होतं. हल्ली लग्न म्हटलं की कार्यालयाच्या दारातच फेटेवाला बसलेला असतो. आला पाहुणा की बांध फेटा. जेवण उरकलं की तो फेटा घामेजून घरी येतो आणि कपाटात जाऊन पडतो, कारण फेटा टाकून कसा द्यायचा? गुलाबी, भगवे, ठिपक्यांचे, असे कितीतरी फेटे झुंबरबाईनं एका जुन्या चादरीत बांधून कपाटाच्या तळाला सारले होते. रुद्राणीला ते गाठोडं सापडलं आणि पोरीचे डोळेच चमकले. लांबच लांब कापड, मधे कुठं जोड द्यायला नको. उभ्या पट्ट्या फाडायच्या, तीन पट्ट्यांची घट्ट वेणी घालायची, वेणी गोल गोल गुंडाळत दाभणानं शिवत न्यायची. झालं पायपुसणं.

ही पोर कबनूरची. बाप वीरभद्र यंत्रमागावर जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करून चालते ठेवणारा माणूस. पोर मागाखाली पडलेल्या चिंध्यांतच वाढलेली. लग्न होऊन दीड वर्ष झालं, तेवढ्यात तिनं घरातली एकही टाकाऊ वस्तू सुखानं मरू दिली नव्हती. नवऱ्याच्या, यशराजच्या फाटक्या जीनच्या भाजीच्या पिशव्या झाल्या. तेलाच्या डब्यांत कोथिंबीर उगवली. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, पट्ट्या कापून तिनं चटई विणली, तीवर आता गल्लीतल्या बायका गप्पा मारायला बसायच्या. शेजारीण म्हणायची, "झुंबराक्का, तुमी बी जपून ऱ्हावा. म्हाताऱ्या झालासा की सून तुमचं बी कायतरी करून ठेवंल." झुंबरबाई हसायची. तिला ही सून मनापासून आवडायची आणि ती ते लपवायचीही नाही.

आवडायची नाही ती एकट्या आकारामला.

आकाराम म्हणजे झुंबरबाईचा नवरा. दारात चार म्हशी, पहाटे रतीब, संध्याकाळी दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार, डोक्यावर पांढरी टोपी आणि तोंडात फटकळ जीभ. एकुलत्या एक पोरानं कॉलेजातली लिंगायताची पोरगी पसंत केली, हे त्याच्या पचनी पडलं नाही. आपल्यात पोरी मेल्या होत्या काय, एवढंच तो म्हणाला, आणि लग्नाच्या दिवशी म्हैस व्यायला झालीय म्हणून घरी राहिला. म्हैस त्यानंतर चांगली तीन आठवड्यांनी व्याली. सुनेशी तो बोलायचाच नाही. पाणी हवं असलं तर म्हशीकडं बघून म्हणायचा, "तहान लागलीया." रुद्राणी तांब्या आणून ठेवायची. मग पाणी आपसूकच आल्यासारखं तो प्यायचा. तिचा विषय निघालाच तर "यशाची बायकू." नाव म्हणून घ्यायचा नाही.

आज रुद्राणीला सातवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा उद्या सकाळी वीरभद्र गाडी घेऊन तिला न्यायला येणार होता. या घराची पायरी तो पहिल्यांदाच चढणार होता. झुंबरबाईला दोन दिवस झोप नव्हती. तिला एकच धास्ती होती: आपला माणूस दारात आलेल्या व्याह्याचा अपमान तर करणार नाही?

"जायच्या आधी एवढं एक पुरं करते," रुद्राणी वेणी घालत म्हणाली. खिडकीच्या गजाला तीन पट्ट्या बांधल्या होत्या. एक गुलाबी, एक भगवी आणि एक फिकी, उडालेल्या रंगाची. ही तिसरी पट्टी ज्या कापडाची होती, ते तिनं दोनदा सोड्याच्या पाण्यात उकळून दिवसभर उन्हात टाकलं होतं. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाली, "जरा मऊ होऊ दे."

सकाळी झुंबरबाईनं दार उघडलं तर पायपुसणं उंबऱ्याबाहेर घातलेलं होतं. मोठं, लंबगोल, घट्ट विणीचं. तिनं कौतुकानं वाकून बघितलं आणि तिची नजर एका जागी अडकली. फिक्या पट्टीच्या कडेनं एक बारीक जांभळी रेघ चालली होती. वेणीत बुडायची, परत वर यायची.

ती रेघ तिला पाठ होती. लग्नात वीरभद्रनं तिच्या हातात ताट दिलं होतं, त्यात जांभळ्या रेघेचा आंबा रंगाचा फेटा होता. मालकाला विचारून, स्वतःच्या हातानं माग लावून विणलेला. "पावणं आलं न्हाईत, हरकत न्हाई," तो म्हणाला होता. "मान त्यांचा त्यांस्नी पोचवा." तिनं तो घरी आणून नवऱ्यापुढं धरला. "ठेव तिकडं," म्हणाला आणि वैरण टाकायला निघून गेला. तिनं तो ठेवला, फेट्यांच्या गाठोड्यात, अगदी खाली. आणि पुढं वीरभद्रनं फोनवर विचारलं तेव्हा तिच्याच्यानं खरं बोलवेना. "बांधला की," ती म्हणाली. "जोतिबाच्या यात्रंला बांधला. लई शोभला बघा."

आणि आता तोच फेटा दारात पाय पुसायला पडला होता. येऊन येऊन व्याही येणार आणि स्वतः दिलेल्या मानावर पाय पुसून घरात शिरणार. यापेक्षा दारातनं हाकलून दिलेलं परवडलं.

तिनं पायपुसणं तिथंच सोडलं आणि तरातरा आत आली. रुद्राणी मागच्या खोलीत पिशवी भरत होती.

"ह्यो फेटा कुठनं घेतलास?"

"गठुळ्यातनं."

"तुझ्या अप्पांनी दिल्याला हाय त्यो."

"ठावं हाय."

 रुद्राणीनं हातातलं लुगडं खाली ठेवलं.

"घडी मोडली न्हवती, आत्ती," ती म्हणाली. "अप्पांनी लावल्याली टाचणी बी तशीच हुती."

झुंबरबाई पलंगावर टेकली.  सुनेला वाईट वाटायला नको म्हणून दीड वर्ष झाकलेलं, ते सुनेला ठाऊकच होतं.

"तुमी फोनवर सांगितलासा बांधला म्हणून, तवा मी हितंच हुते," रुद्राणी हळू आवाजात बोलत राहिली. "आता अप्पा आले की पयला फेटा बघाय मागणार. त्यांची सवयच हाय. आपण दिल्यालं कापड धुवून धुवून कसं ऱ्हायलंय, ते बघितल्याबिगर त्यांस्नी चैन पडत न्हाई. पावण्यांच्या घरात बी दांडीवरची कापडं चाचपत्यात. त्यांस्नी कोरी घडी कशी दाखवायची?"

"म्हणून पायपुसणं केलंस?"

"आमच्यात कापडाचा जीव गेल्याबिगर कोण फाडत न्हाई. आदी अंगावर, मग अंथरायला, मग पुसायला, आन् अगदी शेवटाला पायात. पायपुसणं बघितलं की अप्पा समजतील, व्याह्यांनी एवढा वापरला की जुना झाला. खूश हुतील बघा."

तिला खरंच तसं वाटत होतं. तिच्या माहेरी कापडाला यापेक्षा मोठं भाग्य नव्हतं. झुंबरबाईला हसावं की रडावं कळेना. या पेठेत फेटा पायाखाली टाकणं म्हणजे काय, हे या पोरीला कुणी सांगायचं? आणि सांगून आता उपयोग काय? तिनं दुसरं कुणाचं नव्हे, सासूचं खोटं सांभाळायला हे केलं होतं. झुंबरबाईचे डोळे भरून आले. तिनं सुनेच्या गालावरनं हात फिरवला.

"लेकी, त्यो पायातनं उचलायला पायजे," ती म्हणाली. "आमच्यात फेटा पायात आला म्हंजी..."

बोलता बोलता ती थांबली. खिडकीबाहेर नळावर मघापासनं किटल्या विसळायचा आवाज येत होता, तो बंद झाला होता. पाणी तेवढं वाहत होतं. आकाराम रतीब घालून कधी आला ते दोघींनाही कळलं नव्हतं. खिडकीतनं त्याची पाठ दिसत होती. हातात किटली तशीच होती, पाणी भरून ओसंडत होतं आणि त्याचं तिकडं लक्ष नव्हतं.

मग त्यानं नळ बंद केला.

तो वळसा घालून पुढच्या दाराशी आला. झुंबरबाई पदर सावरत पळत पुढं गेली. तिला वाटलं, आता पायपुसणं अंगणात भिरकावणार, नाहीतर गल्ली जागी होईल असा आवाज लावणार. आकाराम खाली बघत उभा होता. त्याचा उजवा गुडघा गेली दोन वर्षं दुखत होता, पायरी चढताना तो भिंत धरायचा. आज त्यानं दाराची चौकट धरली, दुखरा पाय उचलला, पायपुसण्यावरनं लांब टाकला आणि कण्हत आत आला. एक सूतसुद्धा त्याच्या पायाला लागलं नाही.

"उचलू का मी?" झुंबरबाईनं विचारलं.

"असू दे," तो म्हणाला. "पोरीनं केलंय."

तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला.

वीरभद्र किरकोळ अंगाचा, कपाळाला भस्म, पांढरा शर्ट. जन्म मागाच्या खडखडाटात गेल्यानं साधं बोलला तरी गल्लीला ऐकू जायचं. आज मात्र तो दबकत पायरीशी आला. दारात आकारामला बघून त्यानं हात जोडले.

"या, पावणं," आकाराम म्हणाला.

झुंबरबाईचा निम्मा जीव भांड्यात पडला. निम्मा अजून बाहेर होता, तो पायपुसण्यावर.

वीरभद्रनं चपला काढल्या, एक पाय उचलला आणि तसाच थांबला. मग उचललेला पाय मागं घेऊन तो पायरीवर उकिडवा बसला. त्यानं पायपुसणं हातात घेतलं, उलटं करून शिवण बघितली, परत सुलटं केलं. जांभळ्या रेघेवरनं त्याचं बोट फिरत गेलं.

"रुद्रव्वा, तू केलंस?"

"व्हय, अप्पा." ती सासूच्या मागं येऊन उभी होती.

"आपला फेटा न्हवं ह्यो?"

रुद्राणीनं तोंड उघडलं, पण तिनं पाठ केलेलं वाक्य काही बाहेर येईना. झुंबरबाई बोलणार होती. तिचं खोटं, तिनंच निस्तरायला हवं होतं. पण तिच्या आधीच आकाराम बोलला.

"जुना झाला, पावणं," तो म्हणाला. "बांधून बांधून जुना झाला. जोतिबाला बांधला, भाच्याच्या लग्नात बांधला, गणपतीत बी बांधला. शेवटी इरला. मग रुद्राणी म्हणाली फाडूया, मी म्हणलं फाड."

रुद्राणीनं चमकून सासूकडं बघितलं. सासूचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती. हा माणूस दुधात पाण्याचा थेंब घालत नाही म्हणून अख्ख्या पेठेत प्रसिद्ध होता, आणि असा घडाघडा खोटं बोलताना तिनं त्याला आयुष्यात ऐकलं नव्हतं.

 वेणीचा एक पदर वीरभद्रनं अंगठा आणि बोटाच्या मधे धरला आणि सावकाश चोळला. अंगठा पुढं गेला, मागं आला, आणि थांबला. सोड्यात उकळलं की रंग उडतो. सूत काही त्यानं म्हातारं होत नाही, आणि सुताचं वय कळायला वीरभद्रला डोळे लागत नव्हते. त्यानं मान वर करून आकारामकडं बघितलं. आकारामनंही नजर काढून घेतली नाही. फक्त त्याचा चौकटीवरचा हात जरा घट्ट झाला.

"बरं झालं," वीरभद्र म्हणाला. "कापड वापरलं की बरं वाटतं बघा."

त्यानं पायपुसणं भिंतीला टेकवून उभं ठेवलं. मग खांद्यावरची पिशवी पुढं घेऊन कागदात गुंडाळलेलं पुडकं काढलं. वरचा कागद सोडवला. आतलं कापड गर्द किरमिजी होतं, त्याला घडीवर टाचणी लावलेली होती.

"लेकीला न्यायला येतूय, तर रिकाम्या हातानं कसं यायचं," तो म्हणाला. "ह्यो बी तसाच जुना करा."

दोन्ही हातांवर फेटा धरून तो पायरीवर उभा राहिला.  मग आकारामनं डोक्यावरची टोपी काढून झुंबरबाईच्या हातात दिली, पायपुसणं होतं त्या मोकळ्या जागेवरनं बाहेर आला, आणि गुडघा धरून, व्याह्याकडं पाठ करून, खालच्या पायरीवर बसला.

"मला बांधाय येत न्हाई," तो म्हणाला. "तुमीच बांधा."