घरच्या माणसाची सुट्टी

आप्पांना झटका आला त्यात उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेल्यात जमा झालं. शब्द तोंडातून बाहेर पडायचे, पण ओल्या कागदावरच्या शाईसारखे पसरून. ज्या आवाजाने एके काळी कारखान्यांची फाटकं बंद पाडली, तो आवाज आता पाणी मागायचा आणि सासूबाई चादर आणून द्यायच्या. मग आप्पा डाव्या हाताने चादर खाली फेकायचे आणि सासूबाई स्वयंपाकघरात जाऊन तोंड फिरवून बसायच्या. अख्खा जन्म ज्याच्याबरोबर काढला, त्याचं एक अक्षर कळू नये, हे त्यांना आजारपणापेक्षा जास्त लागलं होतं.

सून औषधांच्या दुकानात कामाला होती. दिवसभर काउंटरमागे उभं राहून संध्याकाळी तिच्या पायांना सूज यायची. मुलगा कॉलेजात शिकवायचा आणि उरलेला वेळ पक्षाला द्यायचा. पक्ष आप्पांनीच उभा केलेला, त्यामुळे घरात पक्षाला कुणी नाही म्हणत नसे. शेवटी शोधाशोध करून आप्पांना सांभाळायला एक बाई ठेवली. वयाने सुनेच्याच बरोबरीची, कामाला वाघ, बोलायला मोजकी. घरी तिची म्हातारी आई सोडली तर कुणी नव्हतं. पहिल्या दिवसापासून सगळे तिला मावशी म्हणू लागले.

मावशींना आप्पांचं बोलणं कळायला लागलं. कसं ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. आप्पा काहीतरी घोगरं पुटपुटायचे आणि मावशी म्हणायच्या, "पंखा कमी करा, म्हणतायत." पंखा कमी केला की आप्पा शांत. भेटायला जुने कार्यकर्ते यायचे, तेव्हा मावशी खाटेच्या उशाशी बसून आप्पांचं बोलणं त्यांना सांगायच्या. कुणाला शाबासकी, कुणाला चार शब्द. एकदा एका पुढाऱ्याला आप्पांनी बरंच काही सुनावलं आणि मावशी म्हणाल्या, "तब्येतीला जपा, म्हणतायत." आप्पा खदखदून हसले. झटक्यानंतर ते पहिल्यांदा हसले होते.

काम ठरताना मावशींचं एकच मागणं होतं, रविवार सुट्टी. मुलाने तेव्हा हसून सांगितलं होतं की या घरात ते मागावं लागत नाही. सुरुवातीला त्यांनी रविवार घेतलेही. मग एका रविवारी आप्पांना ताप आला म्हणून त्या आल्या. पुढच्या रविवारी पाहुणे होते. त्याच्या पुढच्या रविवारी आप्पा सकाळपासून कुणालाच कळेना असं काहीतरी ओरडत राहिले, शेवटी मावशींना फोन करून बोलावलं, तर आप्पांना फक्त पाठ खाजवून हवी होती. सुट्टी कुणी काढून घेतली नाही. मंद गॅसवर दूध आटावं तशी ती आटत गेली. जास्तीच्या दिवसाचे पैसे मात्र चोख दिले जायचे आणि त्यामुळे सगळ्यांना बरं वाटायचं.

सुनेला हे दिसत नव्हतं असं नाही. दुकानाच्या मालकाने मध्यंतरी रविवारी माल मोजायला यायला सांगितलं, तेव्हा तिने सरळ नाही म्हटलं होतं. मी कुणाची सून आहे माहीत आहे ना, असंही वर म्हणाली होती. आणि त्याच रविवारी ती दुपारी दोन तास झोपली, कारण शेजारच्या खोलीत मावशी होत्या. तिने तो विचार मनात आला तसाच जाऊ दिला. रोजची ओढाताण होती, आणि झोपेसाठी माणूस बऱ्याच गोष्टींकडे पाठ फिरवतो.

त्या वर्षी आप्पांच्या मोठ्या संपाचा वर्धापनदिन पक्षाने धूमधडाक्यात करायचं ठरवलं. तो संपच आठवड्याच्या सुट्टीसाठी होता. आप्पा त्यात तुरुंगात गेले होते आणि त्यांचं तेव्हाचं वाक्य अजून भिंतींवर रंगवलं जायचं: सुट्टी हा उपकार नाही, हक्क आहे. सभागृह ठरलं, सत्कार ठरला. आप्पांना चाकांच्या खुर्चीवरून न्यायचं आणि ते बोलतील ते मावशींनी माइकवर सांगायचं, असंही ठरलं.

मावशींना विचारायचं तेवढं राहिलं. विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की त्याच दिवशी त्यांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. सरकारी दवाखान्याने तारीख दिलीय, हुकली तर पुन्हा रांगेत. मुलाने मनापासून हळहळ व्यक्त केली. दवाखान्यात ओळख लावून तारीख बदलता येते का बघतो म्हणाला आणि दोन फोनही केले. तारीख बदलली नाही. मग तो म्हणाला, "मावशी, हा एक दिवस सोडून कुठलाही दिवस घ्या. आप्पांच्या आयुष्यात हा दिवस परत येणार नाही."

मावशींनी आईला शेजारणीबरोबर पाठवलं.

सभागृह खच्चून भरलं होतं. आप्पांना नवे कपडे घातले होते, गळ्यात हार होता आणि हाराची दोरी मानेला टोचत होती म्हणून मावशींनी तिथे रुमाल घातला होता. सून पहिल्या रांगेत बसली होती. सासूबाई तिच्या शेजारी. भाषणं झाली. मग अध्यक्षांनी माइक आप्पांच्या तोंडापाशी धरला आणि सगळीकडे सामसूम झाली.

आप्पा काहीतरी बोलले. मावशी वाकल्या. आप्पा पुन्हा तेच बोलले, जरा जोरात. लोक कान देऊन बसले होते, मागच्या रांगेतले काही जण उभे राहिले. मावशी सरळ झाल्या आणि माइकवर म्हणाल्या, "आप्पा म्हणतात, सगळे आलात, बरं वाटलं. सगळ्यांचे आभार."

टाळ्या थांबता थांबेनात. त्या गोंधळात मावशींनी सुनेला डोळ्याने बोलावलं. ती वर गेली तेव्हा त्या तिच्या कानात म्हणाल्या, "लघवी लागलीय त्यांना. मघापासून तेच सांगतायत. खुर्ची फिरवायला हात लावा."

दोघींनी आप्पांना पडद्यामागून एका अडगळीच्या खोलीत नेलं. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या आणि फाटक्या फलकांचा ढीग होता. मावशींनी पिशवीतून भांडं काढलं, आप्पांना सावरलं. बाहेर आता मुलाचं भाषण सुरू झालं होतं. दिवसभर राबणाऱ्या माणसाला आपल्या आईबापाशेजारी बसायला आठवड्यातला एक दिवस मिळावा, एवढंच आप्पांनी मागितलं होतं, असं तो सांगत होता. तो चांगलं बोलायचा. आवाजही बापाचाच होता.

तेवढ्यात मावशींचा फोन वाजला. त्यांचे दोन्ही हात अडकलेले. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने त्यांच्या पिशवीतून फोन काढला आणि त्यांच्या कानाला लावून धरला. इतक्या जवळून तिला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. शेजारीण सांगत होती की ऑपरेशन झालं, सगळं ठीक आहे. मग फोन म्हातारीकडे गेला. तिच्या डोळ्यावर पट्टी होती. कुणाचा हात हातात आहे ते तिला कळत नव्हतं आणि ती पुन्हा पुन्हा विचारत होती, "तू आहेस का गं इथे? बोल ना, इथेच आहेस ना?"

"येते आई, संध्याकाळी येते," मावशी म्हणाल्या. भांडं त्यांनी जराही हलू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीसारख्या आल्या. आप्पांचं अंग पुसलं, नाश्ता भरवला. सून कामाला निघाली तेव्हा दारापाशी आल्या आणि म्हणाल्या, "ताई, पुढच्या रविवारपासून मी येणार नाही. रविवार माझा ठरला होता. जमणार नसेल तर दुसरी बाई बघा, मी महिनाअखेरपर्यंत थांबते." आवाजात राग नव्हता. खूप दिवस मनात घोळवून झालेलं असावं.

रात्रीच्या जेवणाला सुनेने विषय काढला. नवरा वैतागला. सत्काराच्या बातम्यांची कात्रणं त्याच्या ताटाशेजारी होती.

"तुला कळत कसं नाही," तो म्हणाला. "कारखाना वेगळा आणि घर वेगळं. तिथे मालक नफा कमावतो. इथे कोण कमावतंय? मावशी आपल्या घरच्यासारख्या आहेत."

"घरच्या माणसाला कसली आलीय सुट्टी?" सासूबाई म्हणाल्या. त्या दर गुरुवारी प्रार्थनेच्या मंडळात जायच्या. प्रत्येक माणसात देव बघा, सेवेत देव बघा, हे तिथे ऐकून आलेलं त्या मनापासून मानायच्याही. आजाऱ्याची सेवा ही नोकरी नसते, त्याचं पुण्य मावशींच्याच खात्यात जमा होतंय, असं त्यांचं म्हणणं. घरच्याच म्हणताना मावशींचा कप आपण खिडकीत वेगळा ठेवतो, हे काही त्यांच्या मनात आलं नाही.

"घरच्या माणसाला सुट्टी नाही, म्हणजे मलाही नाही," सून म्हणाली.

नवऱ्याने पाण्याचा घोट घेतला.

"रविवार त्यांना द्यायचा," ती म्हणाली. "एक रविवार तू आप्पांचं करायचंस, एक मी."

रविवारी त्याच्या पक्षाच्या बैठका असतात, हे तिला ठाऊक नव्हतं का, असं त्याने विचारलं. बैठक इथेच घ्या, ती म्हणाली, आप्पांनाही बरं वाटेल. त्याला ते टोमण्यासारखं लागलं. आता तू मला राजकारण शिकवणार का, असं तो चढ्या आवाजात म्हणाला. भांडायला हाच मोका होता आणि भांडण तिच्या ओठांवरही आलं होतं. कालच्या भाषणातलं वाक्यन्‌वाक्य तिला पाठ होतं. पण तिच्या पायांना ठणका लागला होता.

"मी काही शिकवत नाही रे," ती म्हणाली. "मी दमलेय. आणि त्याही दमल्यात."

पहिला रविवार नवऱ्याचा होता. त्याने बाह्या वर केल्या, मोबाइल बंद केला आणि चादर बदलायला घेतली. माणूस पलंगावर असताना चादर बदलायची असते, हे त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. आप्पा एका कडेला घसरले तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला. सून धावली. मग भरवायची वेळ आली आणि आप्पांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. चमचा पुढे केला तर डाव्या हाताने उडवला. भिंतीवर ओघळ गेले. ते एकच काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि ते कळायला मावशींची गरज नव्हती. ते मावशींनाच बोलवत होते.

सून त्यांच्या शेजारी बसली. "आप्पा, आज रविवार आहे," ती हळूच म्हणाली. "मावशींची सुट्टी आहे. आठवड्याची सुट्टी, आप्पा."

तिला वाटलं होतं, हा शब्द तरी आत कुठे जाऊन पोचेल. ते मान डोलावतील, निदान शांत होतील. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळत होतं, डॉक्टरही तेच सांगायचे. मग त्यांनी मान भिंतीकडे वळवली आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले. ज्याने हजारो माणसांचा रविवार मिळवून दिला, त्याला आता आपलं बोलणं समजणारं एक माणूस सातही दिवस जवळ हवं होतं. त्यांना दोष द्यावा असं तिला वाटेना. कौतुकही वाटेना. ती पाठीवरून हात फिरवत बसली. दारात उभा राहून नवरा हे बघत होता. मग तो आत आला, खाली बसला आणि फडक्याने भिंत पुसू लागला.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. नवऱ्याचे रविवार अधूनमधून चुकायचे, कधी मोर्चा, कधी कंबर, आणि ते सुनेच्या गळ्यात पडायचे. त्यावरून दोघांचं वाजायचं. एका रविवारी आप्पा दुपारभर कण्हत राहिले, कुठे दुखतंय कळेना. सुनेने स्वतःच न राहवून मावशींना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. त्या क्षणी तिला मावशींचा राग आला, अगदी खरा राग. एवढं काय, फोन तर उचलायचा, घरच्यासारखं ठेवलं यांना. वाक्य मनात पुरं झालं आणि तिला ते ओळखीचं वाटलं. फोन खाली ठेवून ती आप्पांची एकेक बाजू चाचपत गेली. पायाच्या टाचेखाली चादरीची घडी रुतली होती.

सासूबाईंचं मत बदललं नाही. पण रविवारी त्या आता खाटेजवळ खुर्ची घेऊन बसू लागल्या. आप्पा पुटपुटायचे, त्या अंदाज बांधायच्या, दहातले आठ चुकायचे. मग दोघंही चिडायची आणि पुन्हा सुरू करायची. पाणी हा शब्द त्यांना एवढ्यात कळायला लागला होता.

एका सोमवारी सकाळी मावशी आल्या तेव्हा सून ओट्यापाशी उभी राहून चहा पीत होती. तिने भांड्यातला उरलेला चहा हाताला लागला त्या कपात ओतला आणि मावशींच्या पुढे सरकवला. आईला आता दिसतं का, तिने विचारलं.

"दिसतं म्हणजे काय," मावशी म्हणाल्या. "कोपऱ्यातलं जाळं दिसतं, माझे पांढरे केस दिसतात. रविवारभर नुसती माझ्या चुका काढत बसते."

आतून आप्पांनी हाक मारली. मावशी कप घेऊनच आत गेल्या. सुनेने चप्पल घातली. पाय आजही सुजलेलेच होते, आणि दुकान उघडायची वेळ झाली होती.