प्लंबरचा उजवा कान

नळ, फ्लश आणि पाण्याच्या टाक्या यांच्या बाबतीत त्या प्लंबरला कुणाचा बापही फसवू शकत नसे. नळ नुसता हातात घेतला की वजनावरूनच तो सांगायचा, आत भरीव पितळ आहे की वरून चकचकाट आणि आत सगळा आनंद. पण हाच माणूस कानातलं घ्यायला गेला की त्याची अक्कल कुठे गहाण पडायची कोण जाणे. लेकीला त्याने आजवर तीन जोड आणले होते. तिन्ही स्वस्त, तिन्ही चमचम करणारे. तिन्ही वेळा लेक म्हणाली, "मस्त आहेत बाबा, अजिबात खाजत नाहीत," आणि तिन्ही वेळा हा गडी आठवडाभर छाती फुगवून फिरला.

मग एका रविवारी घरचाच फ्लश दुरुस्त करताना टाकीमागे त्याला मलमाची ट्यूब सापडली, पिळून पिळून चपटी झालेली. एक नाही, चार. त्याने बायकोला विचारलं. ती भाजी चिरत होती, मान वर न करता म्हणाली, "तिची कातडी तुमच्यावर गेलीय. तुम्हाला तरी घड्याळाचा पट्टा सोसतो का? तुमचं मन मोडू नये म्हणून पोरगी कान सुजवून घेते आणि वरून केस मोकळे सोडते."

प्लंबरने चारही ट्यूबा होत्या तिथेच परत ठेवल्या. त्याला फार वाईट वाटलं. लेकीचे मोकळे केस त्याला फॅशन वाटले होते, आणि त्याने त्यांचं कौतुकही केलं होतं.

आठवड्याने, पुढच्या सोमवारी, लेक आयुष्यात पहिल्यांदा कामावर रुजू होणार होती, वाचनालयाच्या काउंटरवर. त्यासाठी बूट त्याने आधीच आणून ठेवले होते. आता रोज घालता येईल असं कानातलं आणायचं, आणि या खेपेला ते खरोखरच खाजता कामा नये, असं त्याने मनाशी पक्कं केलं. पाकिटात दोन दिवसांच्या मजुरीएवढे पैसे होते. तेवढ्यात सोनं म्हणजे काचेतून बघण्यापुरतं.

दुसऱ्या दिवशी कामावरून परस्पर तो दुकानात शिरला. लेकीचे खाजरे कान, आपल्यावर गेलेली तिची कातडी आणि पाकिटातला आकडा, सगळं त्याने सांगून टाकलं, तेव्हा काउंटरवरच्या ताईंनी हसून पाच-सहा जोड मांडले. प्लंबरने पहिला उचलला, तळहातावर तोलला आणि विचारलं, "आत काय आहे?"

"आत म्हणजे?"

"वरचा मुलामा गेल्यावर काय निघणार? पितळ की जस्त? की देवाची करणी?"

ताईंचं हसू जरा आखडलं. प्लंबरने फिरकी काढली, डोळ्यांजवळ धरली आणि नाराजीने मान हलवली. "आटे बोथट आहेत. दोन महिन्यांत गळणार."

"काका, कानातून पाणी येत नसतं."

"पडणार, म्हणजे तेच ते. बरं, तीन वर्षं वापरलेला एखादा नग दाखवता का? नळ कसा आहे ते नवा असताना कळत नाही हो. हात लागून लागून मुलामा उडाला की कळतं."

वापरलेला नग दुकानात कुठून असणार? पण ताईंच्या कानात काहीतरी होतं, अगदी साधं, ठिपक्याएवढं. प्लंबरने खिशातून टॉर्च काढला आणि काउंटरवर ओणवा होऊन त्यांचा डावा कान तपासू लागला. रखवालदार दोन पावलं पुढे आला. ताईंनी हातानेच त्याला थांबवलं, कारण हा माणूस बेसिनखाली वाकावं तितक्याच निर्मळ मनाने वाकला होता.

"टायटॅनियम आहे," त्या म्हणाल्या. "मुलामाच नाही, तर उडणार काय? माझेही कान नाजूक आहेत. सहा वर्षं झाली, काढलेलं नाही. खडा नाही, लोंबतं काही नाही, केसांत अडकत नाही. आणि तुमच्या पाकिटात बसेल."

प्लंबरला ते पटलं. पण तीनदा तोंडघशी पडलेला माणूस लगेच कसा विश्वास ठेवणार? त्याने विचारलं, "खाजलं तर परत घ्याल?"

"घातलेलं परत घेत नाही. पण कान टोचायला आम्ही ह्याच धातूचा खिळा वापरतो." ताईंना आता चेव आला होता. "लेकीची कातडी तुमच्यावर गेलीय म्हणता ना? मग घ्या टोचून. रविवारपर्यंत बघा. जोड मी बाजूला काढून ठेवते."

त्या थट्टेत म्हणाल्या होत्या. प्लंबरने टोपी काढून उजवा कान पुढे केला.

घरी येताना त्याने कानावर पट्टी चिकटवली. बायकोला सांगितलं, पाइप लागला. कामावरच्या जोडीदाराला सांगितलं, बायकोने मारलं. हे दोघं बुधवारी रस्त्यात भेटले आणि मग घरात जे झालं ते न सांगितलेलंच बरं. त्यातच गुरुवारी गीझरच्या वाफेने पट्टी गळून पडली, तेव्हा त्याने हत्यारांच्या पिशवीतली करडी चिकटपट्टी चौकोनी कापून, खिळ्यावर कापूस ठेवून लावली. गळका पाइप वर्षभर धरून ठेवणारी पट्टी ती, कान काय चीज!

शुक्रवारी कान खाजायला लागला. शनिवारी आग व्हायला लागली. रविवारी दुपारी प्लंबर स्टुलावर बसला तो तोंडात मारल्यासारखा. ताईंचं दुकान सातला बंद होणार होतं आणि चाचणी साफ फसली होती. म्हणजे उद्या लेक एक तर मोकळ्या कानांनी जाणार, नाही तर जुने घालून केस सोडून जाणार.

"बाबा, दुखतंय का?" लेकीने विचारलं.

"अजिबात नाही."

हे उत्तर लेकीला चांगलंच ओळखीचं होतं. तिने एका हाताने त्याचं डोकं धरलं आणि दुसऱ्या हाताने पट्टी खस्सकन ओढली. प्लंबरची किंकाळी ऐकून बायको धावत आली. मग दोघी वाकून त्या कानाकडे आणि त्यातल्या ठिपक्याकडे बघू लागल्या.

"चाचणी घेत होतो," प्लंबर खाली मान घालून म्हणाला. "तुझ्यासाठी. फ्लशमागच्या ट्यूबा सापडल्या मला. पण हेही नाही जमलं, बघ. सुजलाय ना?"

लेकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि लगेच तिला हसूही फुटलं. "बाबा, लाल झालंय ते चौकोनी आहे. खिळा गोल आहे. खिळ्याभोवती तर काहीच नाही! तुला पट्टी सोसली नाही."

बायकोने टॉर्च मारला. खरंच, कानावर चार सरळ कडांचा लालभडक चौकोन उमटला होता आणि मधोमध छानशी निरोगी पाळी. प्लंबरचा जीव भांड्यात पडला. पावणेसातला तो दुकानात होता, चौकोनासकट.

सोमवारी लेक केस बांधून कामावर गेली. संध्याकाळी प्लंबर टॉर्च घेऊन दारातच उभा होता. ती दिसताच त्याने दोन्ही कान तपासले. लाली औषधालाही नव्हती.

"खरं सांग. खाजलं?"

"नाही. खरंच नाही." मग लेक पायरीवर बसली, जरा घुटमळली आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "पण बाबा, तू आणलेले बूट फार चावतात. दोन्ही टाचा सोलल्यात."

प्लंबरला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. "अगं, ऐकलंस का?" तो आत ओरडला. "बूट चावतायत हिला! मला सांगितलं तिने!" आणि तो मलम शोधायला पळाला, थेट फ्लशच्या टाकीमागे.