सोड्याच्या बाटल्यांचं डिपॉझिट

माझे दीर मनहरभाई यांना सुरतेला जायचं होतं. मेव्हण्याच्या हिऱ्यांच्या कारखान्यात त्यांना भागी मिळत होती आणि इथे महुव्यात बसून लोकांच्या ढेकरांवर पोट भरायचा त्यांना कंटाळा आला होता. हे त्यांचेच शब्द. आमची सोड्याची फॅक्टरी सासऱ्यांनी काढलेली. माझे यजमान गेले तेव्हा त्यांचा अर्धा हिस्सा माझ्याकडे आला आणि काम मात्र सगळंच्या सगळं आलं. मनहरभाई संध्याकाळी यायचे, एक थंड बाटली फोडायचे आणि धंदा कसा चाललाय ते मलाच सांगायचे.

वेगळं व्हायला माझी ना नव्हती. यंत्र, बाटल्या, क्रेट आणि छकडा रिक्षा मी ठेवायची आणि त्यांच्या हिश्शाचे वीस हजार वर्षभरात द्यायचे, हे एका चहात ठरलं. अडलं ते बँकेतल्या नव्वद हजारांवर.

"पंचेचाळीस तुमचे, पंचेचाळीस माझे," मनहरभाई म्हणाले. "यात भांडण्यासारखं काय आहे, भाभी?"

"त्यातले एकोणसत्तर हजार दुकानदारांचे आहेत. डिपॉझिटचे."

आमच्याकडे रिवाज असा, की दुकानदाराने पहिल्यांदा क्रेट उचलताना बाटल्यांचे पैसे ठेवून पावती घ्यायची आणि बाटल्या परत केल्या की ते पैसे परत न्यायचे. पण सोडा रोज लागतो, त्यामुळे रिकामा क्रेट आला की भरलेला जातो आणि पैसे जिथल्या तिथे राहतात.

"पंधरा वर्षांत एकाने तरी परत मागितले?"

"सोडा मिळतोय म्हणून मागत नाहीत."

"मागत नाहीत म्हणजे आपले झाले. पैसा ज्याच्या पेटीत त्याचा."

"आपला पैसा बँकेच्या पेटीत आहे. उद्या मॅनेजर म्हणाला, माझा झाला, तर चालेल?"

हे त्यांना झोंबलं. कप खाली आपटून ते म्हणाले, "पंचेचाळीस मिळत नसतील तर भावनगरची पार्टी तयार आहे. सगळंच विकून टाकू. अर्धा मालक मीही आहे."

मला धडकी भरली, खोटं कशाला सांगू. फॅक्टरी गेली की मी भावाच्या घरी रोटले थापायला मोकळी. पण त्याहून जास्त आला तो राग. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे खूप पाहिलेत, पण हे हलवायाचं घरच विकायला निघाले होते.

"ठीक आहे," मी म्हटलं. "गावात जाहीर करू. ज्याला डिपॉझिट परत हवं त्याने येत्या रविवारी बाटल्या घेऊन यावं. कोणी आलं नाही तर पंचेचाळीस तुमचे."

"हात दाखवून अवलक्षण कशाला?" ते म्हणाले खरं, पण डोळे चमकले. "कोण येणार आहे, भाभी? अर्ध्या लोकांनी पावत्यांत गाठिये बांधून दिले असतील."

"मग शनिवारी बँकेतून पैसे काढून आणा आणि गल्ल्यावर तुम्हीच बसा."

रविवारी पहिला आला कासमभाई. बस स्टँडवर त्याचं पानाचं दुकान, आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. हातगाडीवर क्रेट रचलेले आणि वरच्या खिशात पावती.

"अरे कासमभाई, तू?" मनहरभाईंना धक्काच बसला. "तुझा आमच्यावर विश्वास नाही?"

"विश्वास आहे की. पण तुम्ही सुरतेला चाललात, असं ऐकलं. पैसे मी तुमच्या बापाच्या हातात दिले होते. उद्या कोणाची गचांडी धरू? या बेनची तर धरता येणार नाही."

सगळे हसले. सगळे म्हणजे कोण, हे तेव्हा मनहरभाईंनी मान वर करून पाहिलं. फाटकापासून रस्त्यापर्यंत रांग लागली होती. हातगाड्या, छकडे, सायकलला दोन्हीकडे लटकवलेले क्रेट. भावकी वेगळी होतेय म्हटल्यावर गावाला जाग येतेच. चैत्राचं ऊन तापलं होतं आणि महुव्यात सोडा बनवणारी मी एकटी. सोमवारी यांच्याकडे विकायला सोडा नसणार, हे मला ठाऊक होतं.

मी बाटल्या तपासत गेले आणि मनहरभाई पैसे मोजत गेले. सुरुवातीला ते नोटा झटक्यात देत होते. नंतर अंगठ्याला थुंकी लावून एकेक नोट दोनदा मोजायला लागले. एका म्हातारबाईने दोनच बाटल्या आणल्या तर म्हणाले, "एवढ्यासाठी कशाला आलात, बा?"

"एवढे माझे आहेत म्हणून," म्हातारी म्हणाली आणि हात पुढे करून उभी राहिली. त्यांनी मुकाट्याने दिले.

दुपारी जेवायलाही ते उठले नाहीत. मी ताक नेऊन दिलं, तर गल्ल्याकडे बघत हळूच म्हणाले, "भाभी, आपले कधी काढायचे? हे संपतायत."

"आपण रांगेत आहोत ना."

"कुठे?"

"सगळ्यात शेवटी. हे लोक घरी गेले की जे उरेल ते आपलं."

संध्याकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती, इतक्या रिकाम्या बाटल्या. जे आले नाहीत त्यांचे सहा हजार मी पाकिटात वेगळे बांधले. उरले एकवीस हजार. साडेदहा त्यांनी घेतले, साडेदहा माझ्याकडे सरकवले. भावनगरच्या पार्टीचं नाव त्यांनी काढलं नाही. पैसे कोणाचे, ते दिवसभर स्वतःच्या हाताने मोजल्यावर काय काढणार?

सोमवारी सकाळी ते निघण्याआधी भेटायला आले, तेव्हा यंत्र सुरू होतं आणि कासमभाई फाटकात उभा होता.

"बेन, क्रेट द्या. कालपासून गिऱ्हाईक शिव्या घालतंय," म्हणत त्याने आदल्या दिवशीच्याच नोटा माझ्यासमोर ठेवल्या. "आता पावतीवर तुमची सही पाहिजे." त्याच्यामागे आणखी चौघे होते. मी एकेकाला पावती लिहून दिली.

मनहरभाई त्या नोटांकडे पाहत होते. त्यांचे वीस हजार माझ्याकडून यायचे होते आणि माझ्याजवळ काल काय उरलं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? हात जरासा पुढे आला, मग त्यांनी तो खिशात घातला.

"हे त्यांचेच," ते म्हणाले.

"त्यांचेच. तुमचा हप्ता सोड्याच्या कमाईतून देईन. पण एक लक्षात ठेवा, मनहरभाई. कालपर्यंत तुम्ही मालक होता, माझ्याबरोबर शेवटी उभे होता. आजपासून मी तुमचं देणं लागते. म्हणजे आता तुम्ही माझ्या पुढे. धंदा चालो न चालो, तुमचे वीस आधी, माझं नंतर."

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "पण भाभी, रोज सगळ्यांच्या मागे उभं राहायचं? सगळे घेऊन गेले आणि काही उरलंच नाही तर?"

"तर नाही उरलं. आणि उरलं तर त्यात अर्धं मागणारं कोणी नाही."

बाहेर बसवाल्याने हॉर्न वाजवला. मनहरभाई वाकले आणि माझ्या पाया पडले. मी आशीर्वाद दिला, पदर खोचला आणि बाटल्या धुवायला घेतल्या. त्या सगळ्या माझ्या होत्या.