वीतभर जास्त

राष्ट्रीय जलतरण परिषदेची त्या वर्षीची सर्वसाधारण सभा नाशकात भरली, तीही एका मंगल कार्यालयात. साल एक्याऐंशी, महिना ऑक्टोबर. पाण्याशी त्या जागेचं नातं म्हणाल तर दाराशी पाय धुवायचा एक नळ होता, आणि तोही अकरानंतर कोरडा पडायचा. देशभरातून चोवीस सभासद आले होते. निम्म्यांना पोहता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांनी वीस वर्षांत पाण्यात पाय घातला नव्हता. नाशिक निवडण्याचं कारण विचाराल तर सभासदांच्या सौभाग्यवतींना त्र्यंबकेश्वर करायचं होतं. असो. संस्था अशाच चालतात, आणि चालतातही बऱ्या.

यजमानपद आलं सहचिटणीस वाल्मीकराव आहेर यांच्याकडे. भूमापन खात्यात एकतीस वर्षं सर्व्हेअर म्हणून काढून ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. तरुणपणी गोदावरीच्या पुरात उड्या मारलेला माणूस, त्यामुळे पोहण्याचं वेड खरं होतं. परिषदेत राबणारे जे दोन-तीन गडी होते त्यांतले ते एक. वर्षाचा अहवाल लिहायचा त्यांनीच, वाचायचा त्यांनीच. पण त्या सकाळी अहवालाचे कागद हातात धरून बसलेले वाल्मीकराव एकच पान पुन्हा पुन्हा वाचत होते. कारण अहवालाचा सातवा परिच्छेद. तो त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला होता, आणि तो खोटा आहे हे त्या मांडवात फक्त त्यांना माहीत होतं.

झालं होतं असं. परिषदेची एक ‘नदीकाठ योजना’ होती. खेड्यातली, नदीत पोहणारी वीस मुलं-मुली निवडायची, त्यांना शहरातल्या तलावात शिकवायचं, प्रवासखर्च आणि दूध द्यायचं, आणि त्यातून कुणी वेळेत बसलं तर राष्ट्रीय शिबिराला पाठवायचं. दिल्लीचं एशियाड वर्षावर आलं होतं, त्यामुळे शिबिराला भलताच भाव होता. नाशकातून या योजनेत सायखेड्याची मैना गांगुर्डे आली. सोळा वर्षांची, दहावीतली. बाप केरू दुसऱ्याच्या मळ्यात कामाला, आई तानुबाई खुरपायला जायची. पोरगी नदीतच वाढली म्हटलं तरी चालेल.

मार्चमध्ये निवड चाचणी ठेवली. शहरातला तलाव दुरुस्तीला काढलेला, म्हणून पाणीपुरवठ्याचा एक जुना हौद भरून घेतला. हौद साठ मीटरचा. पन्नासवर आडवी लाकडी भिंत ठोकायची होती. परिषदेनं पोलादी टेप पाठवली होती, ती कोऱ्या डब्यात तशीच पडून राहिली. कारण वाल्मीकरावांनी घरून आपली तीस मीटरची मोजणीची साखळी आणली.

ही साखळी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. खात्यानं रद्द करून लिलावात काढली तेव्हा निवृत्तीची आठवण म्हणून त्यांनी घेतली होती. तेल लावून, पितळी मुठी घासूनपुसून ठेवलेली. चार लोक बघतायत, जीपमधून अधिकारी उतरतायत, अशा वेळी ती साखळी झोकात झटकून काठावर पसरण्यात काय रुबाब होता! आता, वापरून वापरून साखळीच्या कड्या झिजतात, सैल होतात, आणि साखळी लांबते. म्हणून रोज सकाळी ती कचेरीच्या खुंट्यांवर लावून तपासायची, हा मोजणीतला पहिला धडा. “साखळी तपासली का रे?” म्हणून वाल्मीकरावांनी एकतीस वर्षं शिपायांच्या नावानं शंख केला होता. त्या सकाळी मात्र त्यांनी स्वतःला तो प्रश्न विचारला नाही. भिंत ठोकली, ‘अंतर बरोबर पन्नास मीटर’ असा दाखला लिहिला आणि खाली झोकदार सही केली.

शर्यतीआधी मैना सरावाला उतरली. चार फेऱ्या मारून निथळत त्यांच्यापाशी आली.

“सर, ही जागा लांब हाय.”

“काय?”

“शहरातल्या तलावात एका फेरीला माझे बरोबर बावन्न हात मारून होत्यात. हितं बावन्नला भिंत लागत नाय. थोडी उरती.”

वाल्मीकराव हसले. आजूबाजूचेही हसले, त्यामुळे ते आणखी मोठ्यानं हसले. “पोरी, एकतीस वर्षं जमीन मोजलीय मी. आता तू मला शिकव मोजायला. जा, अंग पूस.”

ती गेली. चारशे मीटरला पात्रतेची वेळ होती पाच मिनिटं वीस सेकंद. मैनानं घेतली पाच मिनिटं वीस पूर्णांक नऊ. बाकीच्या मुली कितीतरी मागं राहिल्या, पण मागं राहिलेल्यांचं कुणी मनावर घेत नाही. थोडक्यात हुकलेल्याचं सगळं गाव बोलतं. प्रशिक्षकांनी सांगितलं, तुझं वळण कच्चं आहे. मैनानं मान हलवली.

जूनमध्ये वाल्मीकराव ओझरला मुलीकडे गेले. जावई विमानांच्या कारखान्यात, नवं घर बांधत होता. कुंपणाची रेघ मारायला सासऱ्यांनी अर्थातच साखळी नेली. शेजाऱ्यानं कारखान्यातल्यासारखी नवी पोलादी टेप आणली होती. दोन्ही शेजारी-शेजारी पसरल्या, आणि साखळी सात बोटं पुढं गेली. तीस मीटरला सात बोटं. म्हणजे हौदातल्या पन्नास मीटरला वीतभर जास्त. म्हणजे आठ फेऱ्यांना आठ विती. पोरीला सव्वा सेकंद तरी जास्तीचं पोहायला लागलं होतं. वाल्मीकराव तिथंच विटांच्या ढिगावर बसले. जावयाला वाटलं ऊन लागलं, त्यानं पाणी आणलं.

त्याच दिवशी परिषदेला पत्र लिहायचं होतं. लिहिलं नाही. आठवड्यानं लिहू म्हटलं. मग पाऊस लागला, मग गणपती आले, मग अध्यक्षांचा निरोप आला की अहवाल तयार करा, आणि खर्च फार होतोय, तेव्हा नदीकाठ योजना का बंद करावी याचं एखादं चांगलं उदाहरण घाला. उदाहरण म्हणून एकच नाव हाताशी होतं. कबूल करण्याला उशीर झाला की माणूस कबूल करण्यापेक्षा भलतंच काहीतरी करून बसतो. वाल्मीकरावांनी सातवा परिच्छेद लिहिला.

आता तोच ते वाचत होते. “सरत्या वर्षात परिषदेने ग्रामीण भागाकडे विशेष लक्ष पुरवले. तथापि सायखेड्याची कुमारी मैना गांगुर्डे ही गुणी मुलगीदेखील नऊ दशांश सेकंदाने अपात्र ठरली. यावरून असे दिसते की, नदीत पोहणाऱ्या मुलांत ताकद असली तरी अचूकपणा नसतो, आणि तो पुढे शिकवता येत नाही. यापुढे परिषदेने आपले बळ मोठ्या शहरांतील तलावांवर एकवटावे.”

‘अचूकपणा’ या शब्दाला त्यांचा आवाज चिरकला. कुणाच्या लक्षात आलं नाही. मागच्या रांगेत एक सभासद पेंगत होते, आतून भट्टीवरच्या जिलब्यांचा वास येत होता.

अध्यक्ष मूळचे पुण्याचे, दिल्लीत स्थायिक झालेले, माणूस बोलायला गोड. त्यांनी ठराव मांडला, की योजना चालू महिन्याअखेर बंद करावी. “कुणाला काही बोलायचंय?”

आणि वाल्मीकराव उभे राहिले. खरंच उभे राहिले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

“अध्यक्षमहाराज, त्या चाचणीच्या… म्हणजे, अंतराविषयी मला एक शंका आहे. साखळी थोडी लांबलेली असावी. मुलगी कदाचित पात्र असेल. शिबिराची नावं एकतीस तारखेपर्यंत घेतात. पुन्हा एकदा चाचणी घेता आली तर…”

सभागृहात चुळबुळ झाली. पेंगणारे जागे झाले. अध्यक्षांनी शांतपणे फायलीतून एक कागद काढला.

“आहेरसाहेब, अंतराचा हा दाखला कुणाचा?”

“माझा.”

“सही?”

“माझीच.”

“मग असं आहे बघा. एकतर हा दाखला खोटा आहे, नाहीतर तुमची शंका खोटी आहे. दाखला खोटा म्हटलं तर तसं इतिवृत्तात येणार, आणि तुमच्या नावासकट येणार. खात्यात एकतीस वर्षं काढलीत तुम्ही. तर काय लिहू?”

चोवीस तोंडं त्यांच्याकडे बघत होती. त्यातले चौघे त्यांच्याच खात्यातल्या लोकांना ओळखणारे. वाल्मीकरावांना पुढल्या बाकावर बसलेली आपली बायको, मंगलाबाई, दिसली. तिनं या सभेसाठी येवल्याची पैठणी नेसली होती आणि नवरा भाषण करतोय म्हणून ती कौतुकानं बघत होती.

“शंका खोटी लिहा,” ते म्हणाले आणि बसले.

ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. ‘भविष्याकडे आत्मविश्वासाने’ पाहण्याचंही ठरलं. मग फोटो निघाला. वाल्मीकरावांच्या पानात चार जिलब्या पडल्या आणि चारही तशाच राहिल्या. घरी येताना मंगलाबाई म्हणाल्या, “चांगलं बोललात हो, पण अर्ध्यातच का बसलात?” त्यांना स्वतःच्या अंगाची किळस आली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं ते सायखेड्याला गेले. कशाला, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. इतकंच कळत होतं की घरात बसवत नव्हतं.

मैना नदीवरच सापडली. घाटाच्या शेवटच्या दगडी भिंतीला भिडून उलटत होती, परत चार हात जाऊन पुन्हा येत होती. तानुबाई पायरीवर धुणं धूत होत्या. सरांना बघून त्यांनी पदर सावरला. “या सर. बगा, पूर वसरल्यापासनं रोज आसं चाललंय. वळण कच्चं हाय म्हनं. पोरं तिला पॉइंट नऊ म्हनत्यात शाळेत, म्हनून लय मनाला लावून घेतलंय.”

मैना वर आली. वाल्मीकरावांनी सांगितलं. उभ्याउभ्या, नदीकडे बघत, साखळी, सात बोटं, वीतभर, सगळं. तुझं वळण कच्चं नव्हतं, हेही सांगितलं.

पोरीला समजायला क्षणभर लागला. “म्हंजे मी बसत होते टायमात?”

“होतीस.”

“आई! मी बसले होते गं!” ती एवढ्या जोरात ओरडली की पलीकडची म्हैस धुणारा माणूस वळून बघायला लागला. हसताना तिचे दात दिसत होते, आणि वाल्मीकरावांना वाटलं, हिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं, पण हा आनंद सोसत नाही. ती बोलतच होती. “मग आता जायचं ना शिबिराला?”

“योजना बंद झाली. काल.”

“काल?” ती थांबली. “तुम्ही होता का तिथं, सर?”

“होतो.”

“मग सांगितलं नाय?”

“सांगायला उभा राहिलो होतो.”

पुढं काय झालं असेल ते तिनं ओळखलं. पोरगी शहाणी होती. तानुबाईंनी आपटायला उचललेलं लुगडं तसंच हातात धरलं होतं. त्या म्हणाल्या, “घरी चला, चहा करते.” वाल्मीकरावांनी मानेनंच नको म्हटलं.

मैना पायरीवरच्या दप्तरापाशी गेली. ओल्या हातानं वहीचं मधलं पान फाडून, पेन घेऊन आली. “आत्ता बोललात ते हितं लिवून द्या.”

वाल्मीकराव पायरीवर बसले आणि गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी लिहिलं. अक्षर सरकारी, वळणदार. तारीख, हौदाचं ठिकाण, साखळी तपासली नव्हती हे, अंतर किती जास्त भरतं ते, मुलीनं शर्यतीआधीच तसं सांगितलं होतं आणि तिला हसण्यात आलं हेही. काही राहू दिलं नाही. लिहिताना थोडं हलकंसुद्धा वाटलं. मग त्यांनी कागद तिच्या हातात दिला आणि ते उठले.

तिनं तो उभ्यानंच सगळा वाचला.

“सर, खाली सही नाय.”

विसरलो, असं म्हणता आलं असतं. पण एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी सहीशिवाय एक चिठोरं हातातून जाऊ दिलं नव्हतं. ते पुन्हा बसले. सही केली. खाली पूर्ण नाव लिहिलं, आणि तिची नजर कागदावरून हलेना म्हणून त्याखाली ‘सहचिटणीस, राष्ट्रीय जलतरण परिषद’ असंही लिहिलं.

मैनानं शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली. “शिबिराची नावं एकतीसपर्यंत घेत्यात ना? आजून बारा दिवस हायेत. उद्या सकाळीच टपालात टाकते. अध्यक्षांचा पत्ता काय, सर?”

वाल्मीकरावांनी पत्ता सांगितला. दिल्लीचा पिनकोड तिनं दोनदा विचारला, आणि दोन्ही वेळा त्यांनी तो तिच्याकडे न बघताच सांगितला.